हिट द ग्राउंड

भाच्याला नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले म्हणे, 'वी एक्स्पेक्ट यू टू हिट द ग्राउंड रनिंग.' संध्याकाळी त्याचा फोन. "मामा, म्हणजे नेमकं काय करू?"

अर्थ अवघड नाही. रुळायला वेळ मागायचा नाही, आल्या दिवसापासून कामाला भिडायचं. पण जमिनीला पाय टेकताना माणूस आधीच पळत का असतो, हे मला सिटी बसने शिकवलं.

कॉलेजच्या दिवसांत बर्डीला, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीला, बस पुरती थांबतच नसे, नुसती हळू व्हायची. एकदा घाईत मी मागे तोंड करून उडी मारली. कोपर सोलवटलं, एक चप्पल बससोबत पुढे गेली. हिट द ग्राउंड झालं, रनिंग तेवढं राहिलं! टोपलीत संत्री घेऊन बसलेल्या बाईंनी हात देऊन उठवलं. "गाडी जिकडे जाऊन राहिली तिकडेच तोंड करून उतरा ना बाप्पा, अन् चार पावलं पळा."

जडत्वाचा धडा शाळेत पाठ केला होता, कळला तो त्या डांबरावर. पाय थांबतात, धड मात्र बसच्याच वेगात असतं. म्हणून पळायचं. त्यात शौर्य कसलं, तोंडावर आपटू नये एवढाच हिशेब. इंग्रजीतला 'फ्लाइंग स्टार्ट' त्यापेक्षा ऐटीचा. शर्यतीतल्या गाड्या आधीच वेगात असतात, रेष ओलांडली की घड्याळ सुरू.

आपल्या भाषेला मात्र दणक्यात सुरुवात करणाऱ्याचा जुना संशय आहे. त्याला आपण आरंभशूर म्हणतो, आणि ते कौतुकाने नव्हे. नव्याचे नऊ दिवस तर घरोघरी मोजून ठेवलेले. संस्कृतात 'आरंभशूराः खलु दाक्षिणात्याः' असा टोमणाच आहे. सातपुड्याच्या खालचे आपण, म्हणजे त्यात आलोच.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. त्याने "हो मामा, हो मामा" करत ऐकलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. अजून लॅपटॉप नाही, ओळखपत्र नाही, सकाळपासून कँटीनमध्ये बसून तिसरा चहा सुरू होता.

"मामा, मी तर पळायला तयार आहो. पण जमीनच येऊन नाही राहिली!"