देवमुशी आणि पिसोरी

नाशकाला समुद्र नाही आणि पिसोरी हरीण दिसावं एवढं दाट जंगल गंगापूर रोडच्या आसपास उरलेलं नाही. तरी ही जोडी काही दिवस माझ्या डोक्यातून हलेना. देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, जगातला सगळ्यात मोठा मासा. दहा-बारा मीटर सहज भरते. पिसोरी फूटभर उंच, दोन ते चार किलोची, काटकुळ्या पायांची. शिंगं नाहीतच, नराला नुसते सुळे.

रविवारी मिसळ खाताना विषय काढला, तर मित्र म्हणाला, "एका घासात संपवेल की रे तिला!" नाही संपवणार. देवमुशीचा जबडा दीड मीटरपर्यंत रुंद असतो, पण घसा एवढासा. दात हजारो, तेही बारीक आणि जवळजवळ बिनकामाचे. पाणी गाळायचं आणि त्यात सापडतील ते सूक्ष्म जीव, बारकी मासळी खायची, असा तिचा खाक्या.

मला भुरळ घातली ती ठिपक्यांनी. पांढरे ठिपके दोघींच्याही अंगावर. पानांतून कवडसे पडलेल्या जमिनीवर पिसोरी निश्चल उभी राहिली, की डोळ्यांसमोर असून दिसत नाही. मुशीचं नेमकं उलटं. प्रत्येकीची नक्षी वेगळी, त्यामुळे संशोधक नुसत्या फोटोवरून ही कोणती ते सांगतात. त्यासाठीची गणिती पद्धत त्यांनी चक्क ताऱ्यांचे नकाशे जुळवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांकडून उचलली.

पिल्लांच्या बाबतीत तर तुलनाच नको. 1995 साली तैवानजवळ पकडलेल्या एका देवमुशीच्या पोटात सुमारे 300 पिल्लं निघाली. पिसोरीला एक, फार तर दोन. कायद्याने मात्र दोघींना एकाच पंगतीला बसवलंय. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मुशीचं पान 2001 साली मांडलं गेलं.

आणि नात्याचं म्हणाल तर गंमतच आहे. पांडवलेणी ज्या काळ्या खडकात कोरली, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस. मुशींचं घराणं त्याच्याही कितीतरी आधीचं. खूरवाले बरेच नंतरचे. काश्मीरच्या बाजूला सापडलेला 'इंडोहायस' हा सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी पिसोरीच्याच अंगकाठीचा, खुरांचा; पण कानाच्या हाडाची ठेवण देवमाशाची! 2007 साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे देवमाशाची भाऊबंदकी धिप्पाड मुशीशी नाही, या खूरवाल्यांशी. खूर गेले, मागचे पाय गेले. कमरेची हाडं मात्र त्याच्या पोटात अजून आहेत.