जर्मनीत पीएचडी: ॲडमिशन नव्हे, भरती

पुण्यात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आमच्यात दोनच विषय चालायचे: नेट परीक्षा आणि अमेरिका. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप लागली तर महिना ३७,००० रुपये. अमेरिकेत पाच-सहा वर्षं, टीचिंग असिस्टंटशिप, पण प्रत्येक अर्जाची फी डॉलरमध्ये. ती बेरीज आप्पांपुढे ठेवायची माझी छाती नव्हती. जर्मनीत बहुतेक ठिकाणी अर्जाला पैसेच पडत नाहीत. माझा निर्णय इतका साधा होता.

शिवाय मी हिंगोलीची. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड घडामोडींतून उठणारे सूक्ष्म तरंग, टिपणारी वेधशाळा होणार हे आमच्याकडे टपरीवरही माहीत; एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले तेव्हा चर्चा रंगली ती जमिनीच्या भावाची. गुरुत्वीय लहरींचंच काम करायचं तर हॅनोव्हर डोळ्यांसमोर येतंच. तिथं मॅक्स प्लांक या जर्मन संशोधन संस्थेची आइन्स्टाइन इन्स्टिट्यूट आहे, आणि शहराबाहेर शेतांमध्ये ६०० मीटर भुजांचा जिओ-६०० डिटेक्टर.

एका सीनियर ताईनं आधीच बजावलं होतं, ‘तिकडं पीएचडीला ॲडमिशन नसते गं, भरती असते.’ म्हणजे जागा एखाद्या ग्रुपकडे निघते, तिथं सीव्ही, मार्कशीट, दोन शिफारसपत्रं आणि ‘मला हेच काम का करायचंय’ असं पत्र द्यायचं. पदवी देतं विद्यापीठ. मॅक्स प्लांक स्वतः देत नाही. त्यामुळे विद्यापीठातली नोंदणी वेगळी होते.

पत्रात मी लहानपणीच्या ताऱ्यांबद्दल काही लिहिलं नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टात मायकेल्सन इंटरफेरोमीटर मांडला होता; त्यात प्रकाशाचा झोत दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणतात. बाहेरून पीएमपीची बस गेली की त्यातल्या फ्रिंजेस, म्हणजे उजेड-अंधाराच्या पट्ट्या, थरथरायच्या. तो थरथराट मोजून कमी कसा केला, एवढंच लिहिलं, ग्राफसकट. मुलाखतीत तोच ग्राफ उघडून बसले सगळे.

‘लेझरची पॉवर वाढवली तर?’
‘सिग्नलच्या तुलनेत शॉट नॉईज कमी होतो.’
‘मग वाढवतच का नाही न्यायची?’
‘फोटॉन आरशालाच ढकलतात, सर. खालच्या फ्रिक्वेन्सीला रेडिएशन प्रेशरचा नॉईज वाढतो.’

(शॉट नॉईज म्हणजे फोटॉन, प्रकाशाचे कण, सुटेसुटे येऊन पडण्याचा गोंगाट.) तिथून गाडी असा गोंगाट दाबणाऱ्या स्क्वीझ्ड लाइटवर गेली. जिओ-६०० मध्ये तो २०१० पासून वापरतात. मला त्यातलं गणित अर्धंमुर्धंच येत होतं, तसं सांगितलं, आणि जेवढं येत होतं तेवढं वहीवर सोडवून कॅमेऱ्यापुढे धरलं. मार्क कुणी विचारले नाहीत.

ऑफर आल्यावर आप्पांचा पहिला प्रश्न: ‘भरायचे किती?’ उलट तेच देणार, हे पटायला त्यांना कराराचा कागद लागला. व्हिसालाही तोच उपयोगी पडला. मास्टर्सला जाणाऱ्या मुलांना वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागत होते. मला पगाराचा करार पुरला.

पण ‘फुल्ली फंडेड’ ऐकून हुरळू नका. विद्यापीठाच्या नोकरीत वेतनश्रेणी ई-१३ ची असली तरी हातात पडतो तिच्या पूर्ण पगाराचा हिस्सा, साधारण ५० ते ७५ टक्के, आणि त्यातूनही कर, पेन्शन, आरोग्यविमा कापला जातो. पत्ता नोंदवायला गेलं की धर्मही विचारतात, चर्चचा कर कापायचा का म्हणून! ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचं शुल्क तेवढं भरायचं. करार बहुधा तीन वर्षांचा असतो आणि प्रबंध तेवढ्यात उरकेलच असं नाही, तेव्हा पुढच्या मुदतवाढीचा पगार कुठून येणार, हे सही करण्याआधी मेलवर विचारून घ्या.