फॅटचा लाल बाण

कराड तालुक्यातल्या एका गावच्या दूध डेअरीसाठी ॲप करायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा गावात पाय ठेवण्याआधीच माझे अकरा स्क्रीन तयार होते. सभासदाने मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी आला की लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, सगळं समोर. फॅट आधीच्या वेळेपेक्षा वाढली तर हिरवा बाण, घटली तर लाल. पाच जणांना वापरायला दिलं की बहुतेक अडचणी सापडतात, असं वेबसाइट-ॲप वापरायला सोपे कसे करावेत याचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० साली लिहिलंय. मीही पाच जणांना दिलं. पाचही पुण्यातले, आमच्याच ऑफिसातले, पिशवीतलं दूध पिणारे. बाण सगळ्यांना आवडला.

मग एकदा पहाटे सहाला डेअरीत जाऊन बसले. किटल्या घेऊन रांगेत निम्म्याहून जास्त बायका. खातं नवऱ्याच्या नावावर, डेअरीत दिलेला मोबाइल नंबर त्याचा नाहीतर बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलाचा. म्हणजे दूध इथं ओतलं जाणार आणि माझा ओटीपी चाकणच्या कारखान्यात वाजणार! कोड नंबर मात्र प्रत्येकीला तोंडपाठ. रांगेत नाव कुणी सांगतच नव्हतं; ‘एकशे चौदा’ म्हटलं की सचिवांची बोटं चालायची. ओटीपी काढला, कोड आणि चार आकडी पिन ठेवला. घरात जो फोन असेल त्यावर चालू दे.

दहा घरांत ॲप वापरायला दिलं. चौथ्या दिवशी सचिवांचा फोन. “मॅडम, तुमच्या त्या बाणानं रोज सकाळी भांडणं लावलीत. लोक म्हणतायत, फॅट मोजायचं मशीन बिघडलंय नाहीतर आम्ही फॅट मारतोय.”

मी धावत गेले. आधी मशीन तपासलं, मग आकडेमोड. दोन्ही बरोबर. गोठ्यात शेण भरणाऱ्या एका मावशींना ॲप दाखवलं तर त्या हसायलाच लागल्या. “अगं पोरी, सकाळचं दूध पातळच असतंय की!” संध्याकाळी पाचला धार काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत तेरा तास जातात. कासेत दूध जास्त साठतं, फॅटचं प्रमाण उतरतं. संध्याकाळपर्यंतचं अंतर कमी, म्हणून तेव्हा फॅट चढते. माझं ॲप काल संध्याकाळचे ४.१ आणि आज सकाळचे ३.७ ताडून बघत होतं आणि दहाही घरांत रोज सकाळी इमानेइतबारे लाल बाण दाखवत होतं. आकडा खरा, अर्थ साफ खोटा.

मावशींनी आणखी एक सांगितलं. शेवटच्या धारेचं दूध सगळ्यात दाट. ते वासराला सोडलं तर डेअरीत फॅट कमी लागणारच. “त्येला काय ॲप करणार?” खरंच काही करणार नव्हतं. बाण काढून टाकला. सकाळची तुलना गेल्या दहा सकाळींशी, संध्याकाळची दहा संध्याकाळींशी, आणि गायीच्या दुधाचा दर ज्या ३.५ फॅट, ८.५ एसएनएफवर जाहीर होतो, ती एक रेघ. बस्स.

आकड्यांवरून मात्र माझं मन दुखावलं. मी हट्टाने मराठी आकडे ठेवले होते. पण काटा आणि मशीन इंग्रजी आकडे दाखवतात, छापील पावतीवरही तेच. पावती ॲपशी जुळवताना मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांत गफलत व्हायची. शब्द मराठी, आकडे इंग्रजी, असा तह केला. अजून पटलेलं नाही.

बाकी आलेख कुणी उघडतच नव्हतं. विचारणा एकच: ‘ह्या पगारात पेंडीचं किती कापलं?’ दर दहा दिवसांच्या बिलाला इथं पगार म्हणतात. उचल आणि पशुखाद्य वजा जाता हातात काय येणार, हे मी चौथ्या स्क्रीनवर बारीक अक्षरात टाकलं होतं. ते पहिल्या स्क्रीनवर, सगळ्यात मोठ्या आकड्यात आणलं.

पण खरी गोम फोनबाहेरच होती. मशीनचा आकडा फक्त सचिवांकडे तोंड करून उमटायचा. बाईच्या हातात पावती पडेपर्यंत तिचं दूध मोठ्या कॅनमध्ये मिसळून गेलेलं. शंका आली तरी तपासायला दूधच नाही! आम्ही खिडकीवर बाहेर तोंड करून एक मोठा डिस्प्ले लावायला सांगितला, आणि आकडा उमटल्याशिवाय दूध कॅनमध्ये ओतायचं नाही, असं ठरवून घेतलं. सचिव कुरकुरले, रांग लांबेल म्हणून. थोडी लांबलीही. आमच्या ऑफिसात यावर चर्चा वेगळीच: ॲपचे पैसे घेतलेत आणि देतोय काय, तर भिंतीवरची पाटी?

डिस्प्ले लागल्यावर तिसऱ्या दिवशी मी पुन्हा रांगेजवळ उभी होते. मावशींचा नंबर आला. आकडा ३.४. त्यांनी मान वर करून बघितलं, कॅनकडे निघालेला हात धरला. “थांब बाबा. परत लाव.”

सचिवांनी दूध ढवळून पुन्हा सँपल घेतलं. रांग थांबली. पुन्हा ३.४.

“बरं,” मावशी म्हणाल्या, आणि किटली विसळायला नळाकडे गेल्या. जाताजाता माझ्याकडे बघून म्हणाल्या, “वासरानं ढोसलंय आज.”