सुट्टीत पोरांना कामं दाखवायला नेते

सुट्टीच्या दिवशी पोरांना कुठं न्यायचं, असा प्रश्न आमच्याकडं निघाला की मी आधी विचार करते, आज गावात कुठं काय काम चाललंय? मला अगदी मनापासून वाटतं की लहान मुलांना खेळण्यांपेक्षा मोठ्या माणसांची कामं बघायला जास्त आवडतात. जेसीबीभोवती उभी राहिलेली पोरं बघा, हाका मारमारून घसा बसतो तरी हलत नाहीत. कोल्हापुरात तर अशी कामं अजून उघड्यावर, माणसांच्या डोळ्यांसमोर होतात. पैसे देऊन उड्या मारायच्या जागा आता आपल्याकडंही झाल्यात. दोन पोरांचे तासाचे पैसे, वर खाणं, आणि तास संपला की रडारड. हे फौंड्रीत कामाला, माझं घरी शिवणकाम. दर सुट्टीला ते परवडत नाही आणि परवडलं असतं तरी मी नेलं नसतं.

रंकाळ्याबद्दल मी काही लिहीत नाही. कोल्हापुरात राहून रंकाळ्याला जा म्हणून सांगावं लागत नाही.

गंगावेशीत संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी येतात आणि समोरच धार काढून गिऱ्हाईकाच्या हातात ग्लास देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपण दूध पितो आणि निघतो. पोरांना घेऊन अर्धा तास नुसतं उभं राहून बघा. गवळीमामा आधी कासेवर पाणी मारतात, हातानं चोळतात, म्हैस पान्हवेपर्यंत थांबतात. मग डोकं तिच्या पोटाला टेकवून, अंगठा मुडपून धार सुरू. आमची सई चौथीत आहे. तिच्या ध्यानात आलं की भांडं रिकामं असताना धारेचा आवाज वेगळा येतो आणि फेस चढला की वेगळा. तिनं डोळे मिटून ऐकून दाखवलं, ‘आता भरत आलं.’ मामांनी मान वळवून बघितलं आणि म्हणाले, ‘वैनी, पोरगी हुशार हाय की.’ त्यानंतर कितीतरी दिवस तिचं एकच चाललं होतं, मी म्हशी पाळतो. (आमच्याकडच्या मुली ‘पाळतो’च म्हणतात, तिला कुणी सुधारू नका.) धाकटा ओंकार पहिलीत आहे. त्याला मी तिथं कच्चं दूध देत नाही, किटलीत घेऊन घरी तापवून देते. लहान पोटाच्या बाबतीत धाडस करू नये असं माझं मत.

याच म्हशी दिवाळीच्या पाडव्याला बघाव्यात. शिंगं रंगवलेली, त्यावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात घुंगरू. शनिवार पेठेतल्या गवळी गल्लीत, पंचगंगेच्या घाटावर, सागरमाळावर, कसबा बावड्यात त्यांना मिरवतात. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागनं पळत. एवढ्या गर्दीत, एवढ्या आवाजात ती आपल्याच माणसामागं कशी जाते, हे ओंकारला पडलेलं कोडं. मी म्हटलं, रोज पहाटे तिला कोण उठवतं, चारा कोण घालतं? गप्प होऊन विचार करत राहिला. घरातनं निघताना पोरांचं पोट भरलेलं असलं तर त्या दिवशी एक रुपया लागत नाही. फक्त पोरांना कडेवर किंवा हाताला धरून, रस्त्याच्या कडेलाच उभं राहायचं.

तालमीत पोरांना ह्यांनीच नेलं. मी दारापर्यंत. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा जुन्या तालमी आजही चालू आहेत आणि वस्तादांना आधी विचारलं तर पोरांना कडेला बसून मेहनत बघू देतात. चपला बाहेर, बडबड बंद. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळलेली असते, हे पोरांना ऐकून खरं वाटत नाही, म्हणून मूठभर माती त्यांच्या हातावर ठेवायला सांगायची. तिथनं चालत खासबाग मैदानावर. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोपच्या दौऱ्यात रोमचा आखाडा बघितला आणि १९१२ मध्ये हे मैदान आपल्या पैलवानांसाठी उभं झालं. सगळ्यात वरच्या पायरीवर पोरांना बसवा आणि विचारा, मधला कुस्तीचा हौदा दिसतो का? कुठंही बसलं तरी दिसतो. सई आणि ओंकारनं चारी बाजूंनी जाऊन खात्री करून घेतली, त्यातच त्यांचा वेळ सरला. बाहेर भेळ. दोघांत एक पुरते.

तालमीवरनं आठवलं. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलला लहान मुलांना नेत नाहीत लोक, दंगा होतो म्हणून. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस अशा मोठ्या जोड्यांच्या सामन्यांना मीही नेत नाही. पण लीगचे सुरुवातीचे सामने दुपारी निवांत असतात आणि तिकीट अगदी किरकोळ. कुस्तीच्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात, असं दुसऱ्या गावातल्या माझ्या भावजयीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

टाऊन हॉलचं संग्रहालय सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पळत पळत बघितलेलं असतं. तिथं एकाच वस्तूसाठी जावं. १९४० च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, त्यात ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. सातवाहनांच्या काळात व्यापाराबरोबर समुद्र ओलांडून, घाट चढून ती पंचगंगेच्या काठी आली. ह्यांनी पोरांना समजावून सांगितलं की धातू वितळवून साच्यात कसा ओततात, कारण तेच त्यांचं रोजचं काम. सई म्हणाली, ‘म्हणजे बाबा, तुमच्यासारखंच कोणतरी करत होतं की.’ ह्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसलं, ते बघायला मी कितीही वेळा जाईन. (सोमवारी संग्रहालय बंद असतं.)

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते, गुऱ्हाळ. दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो. के.एम.टी.च्या शहर बसनं शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या बाजूला उतरायचं आणि धुराकडं बघत चालायचं. मळ्यातनं जाताना वासच वाट दाखवतो. मालकांना नमस्कार करून सांगायचं, पोरांना दाखवायला आणलंय. आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट बसायला पोतं टाकतात.

घाण्यातनं रस निघतो तो मळकट हिरवट असतो. पोरांना वाटतं, यातनं पिवळा गूळ कसा होणार? तो कायलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत पडतो. खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडं जळत असतात, म्हणजे रसही उसाचा आणि जाळही उसाचा. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्याला धरून मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. मग उकळी. आधी मोठमोठे बुडबुडे, पुढं ते बारीक आणि दाट होत जातात, रंग पालटतो. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा जाणकार माणूस, बोलत नाही. नजर कायलीवर. थोडा पाक पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघतो, कायल उतरायची का अजून थांबायचं ते तो ठरवतो, आणि चुकलं तर सगळा गूळ कडक तरी होतो नाहीतर मऊ पडतो. त्यानं मान हलवली की चार माणसं धावतात, कायल वाफ्यात पालथी होते. त्या क्षणी पोरांना दोन्ही हातांनी घट्ट धरा, लांब उभं करा. हे मी गमतीनं सांगत नाही, उकळता पाक अंगावर उडाला तर फार वाईट भाजतं.

गूळ घोटताना कुणीतरी पळसाच्या पानावर गरम गोळा देतं. काकवी हवी असेल तर घरनं बाटली न्या. ती विकत घ्या, फुकट मागू नका. ती माणसं रात्रीपासनं जागी असतात.

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण गुऱ्हाळं दरवर्षी कमी होत चाललीत. कामाला माणसं मिळत नाहीत, ऊस कारखान्याला जातो. माझ्या लहानपणी ज्या मळ्यात आम्ही रस प्यायला जायचो, तिथं आता प्लॉट पडलेत. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, या हंगामातच न्या, पुढच्या वर्षावर टाकू नका. आम्हा चौघांचं बसभाडं, काकवीची बाटली आणि किलोभर गूळ धरून सगळं दोनशेच्या घरात बसतं.

आता सईला चप्पल शिवताना बघायची आहे. कातड्याची वेणी इतकी बारीक कशी घालतात, हे तिला जवळनं बघायचंय, आणि मी शिवणकाम करते म्हणून तिच्या प्रश्नांची उत्तरं मला द्यावी लागतात, ती मला येत नाहीत. सुभाषनगर-जवाहरनगर भागात घरोघरी कारागीर आहेत. कुणाची तिथं ओळख असेल तर सांगा. तासभर बसू देणारं घर हवं, पोरांना शांत बसवायचं माझ्याकडं लागलं, आणि दोन जोड आम्ही तिथनंच घेऊ.