ग्रीनलंडमधील उन्हाळी विज्ञानशाळा

ग्रीनलंडच्या पश्चिम भागात, आर्क्टिक वृत्ताच्या किंचित उत्तरेस असलेल्या कांगरलुसुआक या गावी अमेरिका, डेन्मार्क आणि ग्रीनलंड येथील शालेय विद्यार्थी उन्हाळ्यात एकत्र राहून ध्रुवीय विज्ञान शिकतात. गावापासून सुमारे २५ किलोमीटरवर हिमस्तराची, म्हणजे ग्रीनलंडचा बहुतेक भाग झाकणाऱ्या बर्फाच्या जाड थराची, कड असल्यामुळे हिमनदी आणि वितळपाण्याचे प्रवाह त्यांना प्रत्यक्ष अभ्यासता येतात. पुढे ते हिमस्तरावर सुमारे ३,२०० मीटर उंचीवरील समिट या संशोधन केंद्रालाही भेट देतात, जिथे १९९३ मध्ये तीन किलोमीटरहून अधिक लांबीचा बर्फाचा गाभा, म्हणजे खोल छिद्र पाडून बाहेर काढलेला बर्फाचा दंडगोल, काढून पूर्ण झाला. त्यातील हवेचे बुडबुडे म्हणजे प्राचीन वातावरणाचे नमुनेच. मला मात्र अधिक महत्त्वाचा वाटतो तो ग्रीनलंडच्या मुलांचा सहभाग, कारण हा प्रदेश त्यांच्या रोजच्या परिचयाचा आहे.