लेझली दुरुस्त करताना सोल्डर शेवटी, तेल आधी

लेझली म्हणजे ऑर्गनला जोडायचा, फिरत्या भागांनी सूर थरथरवणारा स्पीकर, लाकडी कपाटात बसवलेला. हे कपाट दुरुस्तीला आलं की बहुतेक जण मागची फळी काढून थेट अँप्लिफायरवर तुटून पडतात. आमचा अनुभव उलट आहे. आवाज गेला, गती बदलत नाही, घरघर येते, अशा दहा तक्रारींतल्या सात-आठ फिरणाऱ्या भागांच्या असतात. खाली १५ इंची वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, जमिनीकडे तोंड करून बसलेला, त्याखाली फिरणारा ड्रम. वर कंप्रेशन ड्रायव्हर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, आणि त्यावर दोन तोंडांचा भोंगा. त्यातलं एकच तोंड वाजतं, दुसरं आतून बंद, निव्वळ तोल सांभाळायला. भोंगा आणि ड्रम एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. ८०० हर्ट्झच्या वरचा आवाज भोंग्याकडे, खालचा ड्रमकडे. इथे १२२ आणि १४७ ही व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अँप्लिफायरची मॉडेलं धरली आहेत.

प्लग काढून, दोन्ही पट्टे उतरवून भोंगा आणि ड्रम हाताने फिरवून बघा. भोंगा एका हलक्या टिचकीत कित्येक फेऱ्या घेऊन आवाज न करता थांबला पाहिजे. 'सुर्र' ऐकू आलं तर तळाच्या बेअरिंगमध्ये धूळ आहे किंवा मानेशी असलेला नमदा सुकलाय. ड्रमवर ताणलेलं पातळ कापड सैल होऊन कपाटाच्या फळीला घासतं, तो 'फरफर' आवाज लोक वूफर फाटला म्हणून सांगतात. कापड बदलताना पडद्याचं जाड कापड लावू नका, आतला आवाज दबतो. फुंकर सहज आरपार जाईल असंच कापड घ्या.

खरी गंमत मोटारींत आहे. प्रत्येक फिरत्या भागाला दोन मोटारी, एकावर एक बसवलेल्या: मोठी जलद गतीची, छोटी संथ गतीची. छोटीला वीज मिळाली की तिचं आर्मेचर चुंबकाने आत ओढलं जातं आणि तिच्या दांड्याचा मोठ्या मोटारीच्या रबरी चाकाशी संपर्क येतो. वीज गेली की स्प्रिंग तिला मागे ढकलते. एवढीशी ती सरक, दोन-तीन मिलिमीटरची. तिच्यावर पूर्ण संथ गती अवलंबून आहे, आणि नेमकी तीच जुन्या तेलाने चिकटते. दांडा मागेच अडकला तर संथ गती येत नाही, मोटार नुसती गुणगुणते. पुढे अडकला तर जलद गतीत खरखर येते आणि रबर झिजतं. रबर एकाच जागी दबून सपाट झालं असेल तर प्रत्येक फेरीला 'टक्' ऐकू येतं. असं चाक घासून गोल होत नाही, बदलावंच लागतं.

मोटारी उघडण्याआधी बाजूने मार्करची उभी रेघ मारा, म्हणजे दोन्ही घरं मूळच्याच जागी बसतील. आत पातळ वॉशर असतात, कधी एक, कधी तीन. किती आणि कुठल्या बाजूला, ते फोटोत धरून ठेवा. बुश पितळी, तेल शोषणारे असतात आणि त्यांना वेढून नमद्याची वात असते. घट्ट झालेलं काळं तेल मिनरल टर्पेंटाइनमध्ये रात्रभर भिजवून काढायचं. पेट्रोल नको, मोटारीच्या वायरीचं वार्निशही सुटतं आणि खोलीही पेटते. गेरच्या, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवसांत उघड्यावर वाजलेल्या कुठल्याही पेटीत गुलाल जातो, तेलात कालवला की बुशमध्ये लापशी होते. ती कापडाने नाही, लाकडी काडीने खरवडून काढावी लागते. सुकल्यावर वात शिलाई मशीनच्या तेलात भिजवायची. एका वातीला आठ-दहा थेंब पुरतात, पुढे वर्षातून एकदा दोन-तीन थेंब. गंजाचे स्प्रे मारू नका. चार दिवस मोटार सुसाट पळते, मग स्प्रे उडून जातो आणि बुश कोरडा राहतो.

परत जोडताना बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा देत दांडा बोटाने फिरवत राहा. जड वाटला की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने घराला हलके ठोके द्या, बुश आपोआप सरळ होतो. पट्टा घातल्यावर ताण कमीच ठेवा. संथ मोटारीत ताकद फार कमी असते. घट्ट पट्टा जलद गतीत चालून जातो, पण संथ गतीत भोंगा अडखळतो आणि बिचाऱ्या मोटारीला जळालेली ठरवतात.

आता आपल्या विजेकडे. मूळ अमेरिकन कपाट ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचं. इंदूरच्या जेल रोडवर व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, त्याने व्होल्टचा प्रश्न सुटतो, हर्ट्झचा नाही. ही इंडक्शन मोटार वारंवारतेवर चालते, म्हणून ५० हर्ट्झवर गती पाच-षष्ठांश होते. भोंगा मिनिटाला साधारण ४०० फेऱ्यांऐवजी ३३३, ड्रम ३४० ऐवजी २८३. हा फरक कानाला कळतो. भोंग्याचं तोंड मध्यापासून २० सेंटिमीटरवर धरलं तर ४०० फेऱ्यांना ते सेकंदाला ८.४ मीटरने धावतं आणि सूर वर-खाली सुमारे २.४ टक्के हलतो, म्हणजे कोमल ऋषभ ते शुद्ध ऋषभ या अंतराच्या निम्म्याहून थोडं कमी. ३३३ फेऱ्यांना तेच २ टक्क्यांवर येतं आणि थरथर ढिली पडते. वरच्या मोटारीच्या पुलीला पायऱ्या असतात, पट्टा मोठ्या पायरीवर सरकवून बरंच काम होतं. खालच्यासाठी खरादवाल्याकडून पुली करून घ्या, मूळ व्यासाच्या १.२ पट: १५ मिलिमीटर असेल तर १८. भोक नेमकं मध्यावर हवं, नाहीतर ड्रम फेरीगणिक उसळ्या घेतो.

ट्रान्सफॉर्मर सांगतानाही ११७ चा हट्ट नको. ६० हर्ट्झच्या कोरला ५० हर्ट्झवर ११७ दिले तर चुंबकीय ताण २० टक्के वाढतो आणि आतला ट्रान्सफॉर्मर भाजतो. ११० दिले तर वाढ १३ टक्क्यांवर थांबते, व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ ऐवजी ५.९ व्होल्ट मिळतात, तेवढं चालतं. म्हणून वाइंडिंगवाल्याला २३० ला ११०, ५०० व्हीए आणि दोन वेगळ्या वाइंडिंगचा असं स्पष्ट सांगा. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण फेज-न्यूट्रल उलटे झाले की लोखंडी चौकटीला हात लावताच शॉक बसतो. चौकटीला अर्थिंगची तीनपिनी वायर द्या.

अँप्लिफायर आता. दोन ६५५० व्हॉल्व्ह, पुश-पुल, साधारण ४० वॅट, स्पीकर १६ ओहमचे. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारी उच्च दाबाची वीज, ४०० व्होल्टच्या वर असते आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये राहते. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने दहा सेकंद धरा आणि मीटरवर शून्य बघूनच हात घाला. पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटच्या साध्या, तारेच्या बल्बचा सिरीज बोर्ड लावा, म्हणजे वीज बल्बमधून होऊन कपाटात जाईल. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे. फिल्टरचे इलेक्ट्रोलायटिक चाळीस-पन्नास वर्षांचे असतील तर मापत बसू नका, बदला. व्होल्टेज रेटिंग मूळच्यापेक्षा कमी नको. क्रॉसओव्हरचे, म्हणजे आवाज भोंगा आणि ड्रममध्ये विभागणाऱ्या सर्किटचे, कॅपॅसिटर मात्र आवाज ऐकून ठरवा, उगाच बदलले तर सूर पातळ होतो.

गती बदलताना स्पीकरमध्ये 'टप्प' येत असेल तर मोटारीच्या लाइनवरचा छोटा कॅपॅसिटर गेलाय. तिथे मेन्ससाठीचा, एक्स-२ वर्गाचाच बसवा. रिलेचे, म्हणजे गती बदलणाऱ्या विजेवरच्या स्विचचे, संपर्क कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाला आयसोप्रोपिल लावून ओढायचे. पॉलिश पेपर लावलात तर वरचा मुलामा उडतो आणि सहा महिन्यांत रिले पुन्हा अडकते.

भोंग्याखालच्या ड्रायव्हरचा मीटरवर डीसी रोध १० ते १३ ओहमच्या आसपास दिसायला हवा. उघडं सर्किट दाखवलं तर डायफ्रॅम, म्हणजे आतला थरथरणारा पडदा, गेला. तिथे बाजारातला ८ ओहमचा घालून चालवणारे आहेत, पण मग ८०० हर्ट्झची विभागणी सरकते आणि भोंगा किरकिरतो. भोंग्याच्या तोंडातले लहान शंकू काढून टाकण्याचीही फॅशन आहे. काढले की आवाज टोकदार होतो, तो हवा असेल तर काढा, पण डबीत जपून ठेवा.

एक सावधगिरी राहिली. १२२ आणि १४७ दोन्हींचा सहापिनी सॉकेट सारखाच दिसतो, पिनांची कामं वेगळी. १२२ ला संतुलित सिग्नल लागतो आणि गती बदलण्याचा डीसी त्याच तारांवरून येतो, १४७ मध्ये गतीसाठी वेगळा एसी येतो. ऑर्गनशिवाय नुसतं कपाट आणलं असेल, आणि आपल्याकडे बहुधा तसंच येतं, तर आधी पाटीवरचा नंबर वाचा, मग जोडणीची पेटी घ्या. चुकीची केबल घुसवली तर सिग्नलच्या जागी मेन्स पोहोचते.

लाकडाला फार वेळ देऊ नका. सुटलेलं व्हिनियर पातळ फेविकॉल सिरिंजने आत घालून, वर वर्तमानपत्र आणि वजन ठेवून रात्रभर दाबा. चपडा पॉलिश पावसाळ्यात करू नका, दमट हवेत पांढरट झाक येते. दिवाळीपर्यंत थांबा. सगळं जोडून झाल्यावर मोबाइलवरून ३० ते ३०० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत न्या. कुठेतरी ८०-९० च्या आसपास मागची फळी झणझणते. स्क्रू आवळण्याआधी कडेला नमद्याची पट्टी चिकटवा, नुसते आवळलेले स्क्रू प्लायवूडमध्ये महिन्याभरात पुन्हा ढिले होतात.