सारंगखेड्याच्या घोडेबाजारात: पाय, जमीन आणि घोड्याचा फॉर्म

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याची यात्रा सुरू होते. तापीकाठच्या या गावात एकमुखी दत्ताच्या दर्शनासाठी जशी रीघ लागते, तशीच ती इथल्या घोडेबाजारालाही लागते. जळगावहून निघालेली गाडी धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा अशी स्टेशने मागे टाकत दोंडाईच्याला पोहोचली, तेव्हा ऊन नुकते वर आले होते आणि बाजाराच्या दिशेने मिरचीचा ठसका जाणवत होता. शहाद्याचे मामा मोटरसायकल घेऊन स्टेशनावर आले होते. तिथून सारंगखेड्याचा रस्ता फार लांबचा नाही. दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेला कापूस आणि हरभऱ्याची शेते होती, आणि भेगाळू लागलेली ती काळी जमीन मी वाटभर पाहत होतो, कारण या वेळी माझ्या डोक्यात जमिनीचाच विषय होता.

इंग्लंडमधल्या हिवाळी ऑल-वेदर शर्यतींचे, म्हणजे हिरवळीऐवजी वाळूच्या कृत्रिम पट्टीवर होणाऱ्या घोड्यांच्या शर्यतींचे, निकाल मी बऱ्याच वर्षांपासून वाचत आलो आहे. तिकडे संध्याकाळचे पाच वाजून वुल्व्हरहॅम्प्टनला किंवा केम्प्टनला दिव्यांच्या उजेडात पहिली शर्यत सुटते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. पैसे लावण्यासाठी मी त्या पाहत नाही. एखादा घोडा मागच्या वेळी कसा पळाला, म्हणजे त्याचा फॉर्म, आणि आज तो कसा पळेल, यांतला दुवा शोधणे हीच मला त्यातली खरी ओढ वाटते. मात्र हे सगळे कागदावरचे आणि पडद्यावरचे वाचन आहे. घोडा हाताच्या अंतरावर उभा करून त्याची पारख करणारी माणसे खानदेशात दरवर्षी जमतात आणि ती कशी पारख करतात हे पाहिल्याशिवाय आपले वाचन अपुरे राहील, असे मला वाटत होते.

बाजारात शिरल्यावर पहिला तासभर नुसते फिरण्यातच गेला. राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश आणि पंजाबाकडून आलेली जनावरे रांगांनी बांधलेली होती. कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकणारे मारवाडी, त्यांच्याहून बसक्या बांध्याचे काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असलेले पंचकल्याणी. कुठे अंग घासण्याचा खरारा चालला होता, कुठे तोंडाला दाण्याचा तोबरा चढवलेला होता, तर कुठे घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार नालबंदासमोर घोड्याचा पाय धरून बसला होता. किमतीची चर्चा रंगावरून, उंचीवरून आणि अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून चढत-उतरत होती. भोवऱ्यांचे शुभाशुभ इथे आजही गांभीर्याने पाहिले जाते आणि त्यावरून सौदे मोडतातही. पण पळण्याचा प्रश्न असेल, तर माझ्या मते भोवऱ्याने काहीही कळत नाही.

मामांनी मला शिरपूरकडच्या एका वयस्कर घोडेवाल्यांकडे नेले. सगळे त्यांना बापू म्हणत होते, म्हणून मीही बापूच म्हणालो. शर्यतीचा घोडा कसा ओळखायचा, असे विचारल्यावर ते आधी काही बोललेच नाहीत; समोरून एक कुमैत (तपकिरी अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी फिरवून नेली जात होती, तिच्याकडे त्यांनी बोट केले आणि मग म्हणाले, “पहिले पाय दखा, मंग तोंड.” घोडी पुढे गेल्यावर त्यांनी मला तिच्या मागे, पाणी मारलेल्या मऊ मातीवर उभे केले आणि ठसे दाखवले. पुढच्या खुराचा ठसा जिथे उमटला होता, त्याच्या चांगले वीतभर पुढे मागच्या खुराचा ठसा पडला होता. खांदा मोकळा असेल, पाठ ताठलेली नसेल आणि पुठ्ठ्यात जोर असेल, तर मागचा पाय असा पुढे पडतो. शेजारून गेलेल्या एका उंच, देखण्या घोड्याचे ठसे मात्र जेमतेम एकावर एक होते. त्या घोड्याभोवती गर्दी होती आणि कुमैत घोडीजवळ आम्ही तिघेच होतो.

यानंतर बापूंनी घोडी कडक रस्त्यावर दुडकीने पळवायला सांगितली आणि आम्हांला पाठ फिरवून नुसते ऐकायला लावले. नालांचा ठेका सारखा असला पाहिजे. एक टाप हलकी पडत असेल, तर त्या पायात काहीतरी आहे. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा तो दुखरा पाय टेकताना डोके वर उचलतो, हेही त्यांनी एका दुसऱ्या जनावरावर दाखवले. मग पुढच्या पायाच्या मागची शीर गुडघ्यापासून खाली बोटांनी चाचपून त्यांनी दोन्ही पायांची ऊब ताडून पाहिली. दात पाहून घोडीचे वय त्यांनी पाच वर्षांचे सांगितले, कारण पाचव्या वर्षी तोंड पुरे भरते. शेवटी तिला चौखूर पळवून आणल्यावर त्यांनी कुशीकडे लक्ष ठेवले. कूस किती वेळात शांत होते, यावरून दमाचा अंदाज येतो, आणि शर्यतीची तयारी पुरी झाली आहे की नाही हे त्याइतके दुसरे काहीच सांगत नाही.

विलायती शर्यतीत सुटण्याआधी पॅडॉकभोवती, म्हणजे कुंपण घातलेल्या जागेत, घोडे फिरवतात, तेव्हा जाणकार हेच पाहतात. चाल, पाठ, घाम, दम. फरक इतकाच, की तिथे या नजरेच्या जोडीला प्रत्येक घोड्याची लेखी नोंद हातात असते आणि सारंगखेड्यात ती माणसांच्या आठवणीत असते. बापूंना त्या कुमैत घोडीची आई कुठे पळाली होती हे माहीत होते, पण ते कागदावर कुठेच नव्हते. ही नोंद लिहून ठेवली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते, आणि ती लिहिताना पहिला रकाना जमिनीचा असावा.

हे मी ऑल-वेदर शर्यतींवरून सांगतो. 1980 च्या दशकात इंग्लंडमधल्या हिवाळी शर्यती दंव आणि पावसामुळे वरचेवर रद्द होत असत, म्हणून कृत्रिम धावपट्टीचा विचार पुढे आला आणि 30 ऑक्टोबर 1989 रोजी लिंगफील्डला तिथली पहिली ऑल-वेदर शर्यत झाली. त्याच वर्षी साउथवेल सुरू झाले, 1993 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला दिव्यांखाली शर्यती होऊ लागल्या, पुढे 2006 मध्ये केम्प्टन आणि 2016 मध्ये न्यूकॅसल त्यात आले. पट्टी वाळूचीच असते, पण साधी वाळू पाण्याने बसते आणि थंडीने गोठते. पॉलिट्रॅक नावाच्या पट्टीत वाळूत कृत्रिम धागे मिसळून तिला मेणाचा लेप देतात. टपेटा या दुसऱ्या प्रकारच्या पट्टीची रचनाही वाळू, धागे आणि मेण अशीच आहे. खाली निचऱ्याची सोय असते आणि शर्यतींच्या मध्ये यंत्राने पट्टी विंचरली जाते. त्यामुळे हिरवळीवर जमिनीचे वर्णन कडकपासून चिखलापर्यंत बदलत असताना इथे बहुतेक दिवशी ‘स्टँडर्ड’ किंवा फार तर ‘स्टँडर्ड टू स्लो’ एवढीच नोंद येते.

जमीन अशी स्थिर राहिली, की घोड्याच्या आधीच्या कामगिरीला वजन येते. पुण्यात पावसाळी मोसमात हिरवळीवर शर्यती होतात आणि दुपारच्या एका सरीने जमिनीचा कडकपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा बदलतो. तिथे तीन आठवड्यांपूर्वी जिंकलेला घोडा आज हरला, तर तो घोडा बदलला की जमीन, हे ठरवणे कठीण जाते. ऑल-वेदरवर हा प्रश्न बराच कमी होतो आणि अंतर, घोड्यावरचे वजन, ड्रॉ (सुटताना मिळालेली जागा), पेस (शर्यतीचा वेग) या बाकीच्या गोष्टी स्वच्छ दिसू लागतात. ढोबळ हिशेबात पाच फर्लांगांच्या (सुमारे एक किलोमीटरच्या) शर्यतीत एक लेंग्थ, म्हणजे घोड्याच्या एका लांबीएवढे अंतर, सुमारे तीन पौंड वजनाच्या बरोबरीचे आणि मैलाच्या शर्यतीत दोन पौंडांच्या आसपास धरतात. मैलावर अर्ध्या लेंग्थने जिंकलेल्या घोड्यावर पुढच्या हँडिकॅपमध्ये (कुवतीनुसार घोड्यांवर वजन ठरवलेल्या शर्यतीत) सहा पौंड चढले असतील, तर त्याला आता सुमारे तीन लेंग्थचे ओझे पेलायचे आहे, असे वाचावे लागते.

मात्र सगळ्या ऑल-वेदर पट्ट्या एकच समजणे चूक आहे, आणि बरेच वाचक इथेच फसतात. साउथवेलला 2021 पर्यंत फायबरसँड या प्रकारची पट्टी होती. ती खोल आणि जड, तिथे पुढे राहून दम टिकवणारे घोडे वारंवार जिंकत आणि तेच घोडे लिंगफील्डच्या पॉलिट्रॅकवर सामान्य ठरत. 2021 च्या डिसेंबरात साउथवेलला टपेटा आली, तेव्हा तिथली जुनी नोंद एका दिवसात निरुपयोगी झाली; मैदानाचे नाव तेच राहिले, जमीन बदलली. केम्प्टन उजवीकडे वळते आणि बाकीची डावीकडे. न्यूकॅसलला मैलाची शर्यत सरळ रेषेत होते, तर वुल्व्हरहॅम्प्टनचे वळण आखूड आहे आणि तिथे बाहेरून पळणाऱ्या घोड्याला जास्त जमीन कापावी लागते. लिंगफील्डला वळणाकडे उतार आहे आणि शेवटची सरळ पट्टी लहान आहे, म्हणून तिथे वेग झटकन वाढवणारा घोडा लागतो. शिवाय पुढच्या घोड्यांच्या खुरांनी उडणारी वाळू तोंडावर बसते. काही घोडे ती मुळीच सहन करत नाहीत आणि मागे अडकले, की पळणेच सोडून देतात. अशा घोड्याच्या नावापुढचे आठ, नऊ, शून्य हे आकडे त्याची कुवत सांगत नाहीत, तो कुठे अडकला होता एवढेच सांगतात. रेसकार्डावर शून्य म्हणजे दहावा किंवा त्याहून मागे, आणि आकडे डावीकडून उजवीकडे जुन्याकडून नव्याकडे वाचायचे, एवढे माहीत असले तरी प्रत्येक आकड्यामागची जमीन विचारावीच लागते.

दुपारी शेवभाजी-भाकरी खाऊन आम्ही शर्यतीच्या पट्टीकडे गेलो. धूळ बसावी म्हणून सकाळी तिच्यावर पाणी मारले होते. पहिल्या काही फेऱ्यांत आतल्या बाजूने पळालेले घोडे पुढे आले, पण जसजशा फेऱ्या झाल्या तसतशी ती बाजू खुरांनी उकरली गेली आणि भुसभुशीत झाली, आणि बाहेरची दबलेली माती मात्र टणक राहिली. नंतरच्या एका फेरीत एक काळा घोडा बाहेरून पळून जिंकला. दुसरा आलेला तांबडा घोडा पूर्ण अंतर उकरलेल्या बाजूने पळाला होता आणि शेवटच्या टप्प्यात तो अंतर कमी करत होता. जल्लोष काळ्याचा झाला. बापूंनी मात्र तांबड्याच्या मालकाला जवळ बोलावून घोडा विकायचा आहे का, असे विचारले.

मीही तोच निर्णय दिला असता. काळा घोडा कमी प्रतीचा होता असे नव्हे. पण दोघांमधले अंतर जेमतेम एका लेंग्थचे होते आणि जमिनीचा फरक त्याहून मोठा होता. इंग्लंडमधल्या ड्रॉच्या हिशेबात आपण हेच करतो, फक्त तिथे त्यासाठी अनेक शर्यतींचे निकाल हाताशी असतात आणि इथे एका माणसाने एका दुपारी पट्टीकडे लक्ष ठेवले होते. मामांनी विचारले, “बापू, तो जिंकला तर नाही, मग एवढी किंमत का देता?” बापू म्हणाले, “पुढच्या वेळी तो बाहेरून पळेल, भाऊ.”

सौदा संध्याकाळपर्यंत चालला. मालकाने घोडा रेवाल चालीचाही (स्वाराला हादरे न देणाऱ्या जलद चालीचा) आहे म्हणून किंमत वाढवून सांगितली. बापूंनी ती ऐकली नाही, कारण रेवाल चालीचा घोडा वेगळ्या गिऱ्हाइकाचा असतो आणि चौखूर पळणाऱ्या घोड्याची किंमत त्यावरून ठरत नाही. अखेर रुमालाखाली बोटे दाबून दोघांनी भाव पक्का केला. तो किती झाला हे मी विचारले नाही.

ज्यांना केवळ नटवलेले घोडे आणि नाच पाहायचा आहे त्यांनी संध्याकाळी यावे, पण पारख शिकायची असेल तर उजाडताच यावे, कारण तेव्हा घोडे मोकळे करून फिरवले जातात आणि मातीवर ठसे ताजे असतात. दोंडाईच्याहून वाहने मिळतात. पहाटे थंडी बोचरी असते, म्हणून स्वेटर घ्यावा, आणि सोबत एक वही घेऊन प्रत्येक फेरीत कोणता घोडा कोणत्या बाजूने पळाला, तेवढे नक्की लिहून ठेवावे.